डिस्क गेल्या तेल लावत

कानवालीच्या गाडीचा ब्रेक कुरकुरायला लागला तेव्हा तो सगळ्या गल्लीला ऐकू आला, फक्त तिच्या नवऱ्याला नाही. तिच्या सासूबाई दोन्ही कानांनी अधू, सुनेने बसवून दिलेल्या यंत्रांवर त्यांचं ऐकणं चालायचं, पण त्यांनासुद्धा ऐकू आला. गाडी उतारावरच्या वळणाला आली, कानवालीने ब्रेक दाबला आणि मागच्या सीटवरून सासूबाई दचकून म्हणाल्या, “कोण गं किंचाळलं?” शेजारच्या सीटवर बसलेला नवरा म्हणाला, “कुठे काय?”

कानवाली हे काही तिचं खरं नाव नव्हे. ती क्लिनिकमध्ये लोकांचे कान तपासायची, म्हणून गल्लीने तिला ते बहाल केलं होतं. ज्यांना घराबाहेर पडवत नाही अशा म्हाताऱ्या माणसांच्या घरी ती स्वतः जायची. तपासणीचं यंत्र गाडीच्या डिकीत, कानात बसवायची छोटी यंत्रं तिच्या पर्समध्ये. गाडी तिची होती, तिच्या कामाची होती आणि तिच्या नावावर होती. या तिन्ही गोष्टी नवऱ्याला माहीत होत्या, पण ऐकू आलेल्या नव्हत्या.

घर टेकडीच्या माथ्यावर होतं. फाटकातून बाहेर पडलं की थोडा सपाट रस्ता, मग उतार, उताराच्या मध्यावर एक वाकडं वळण आणि खाली चौक. त्या चौकात बस वळायच्या, आणि बस वळताना समोरून कोण घरंगळत येतंय हे बघायची ड्रायव्हरला सवय नव्हती. सकाळी कानवालीला त्याच उतारावरून खाली जावं लागायचं. ब्रेक धरला तर ती कामावर पोहोचणार आणि नाही धरला तर बसखाली, इतका हिशेब सरळ होता.

नवऱ्याला घरात ‘स्वयंभू’ म्हणत. हे नाव त्याच्या आईने ठेवलेलं. “याला कुणी काही शिकवलेलं नाही, कुणी काही सांगितलेलं नाही, सगळं याला जन्मतःच येतं,” त्या म्हणायच्या. “मी नुसती निमित्ताला होते.” स्वयंभू एका बिस्किटांच्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी होता. कामगारांनी टोपी घातली की नाही, जमिनीवर काही सांडलंय का, हे बघायचं आणि दर सोमवारी सगळ्यांना गोळा करून ‘घसरून पडण्याचे धोके’ या विषयावर बोलायचं, हे त्याचं काम. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असं म्हणतात. स्वयंभू कोरडा मात्र नव्हता. तो तेलकट पाषाण होता.

कारण त्याचा तेलावर विश्वास होता. स्वयंपाकघराच्या दारामागे खिळ्याला त्याची लांब चोचीची कुप्पी टांगलेली असायची. दार करकरलं, तेल. पंखा कुरकुरला, तेल. कात्री अडली, फाटक रडलं, खुर्ची कण्हली, तेल, तेल आणि तेल. एकदा सासूबाईंच्या वॉकरची चाकं वाजायला लागली, तर त्याने चाकांबरोबर त्याच्या रबरी ब्रेकवरही चार थेंब सोडले. दुसऱ्या दिवशी वॉकर पुढे आणि सासूबाई मागे अशी वरात दिवाणखान्यातून निघाली आणि सोफ्यावर जाऊन संपली. स्वयंभू म्हणाला, “पण आवाज गेला की नाही?”

बायकोच्या कुरकुरीवरही त्याच्याकडे तोच उपाय होता. ती काही बोलायला लागली की तो दोन गोड शब्दांचे थेंब सोडायचा, “तू म्हणशील तसं,” आणि स्वतःला हवं ते करायला निघून जायचा. त्याच्या मते त्याने संसारात कधी घर्षण होऊ दिलं नव्हतं. कानवालीच्या मते एवढी वर्षं ती त्या तेलावरून घसरत होती, पण हे ती बोलत नसे. बोलली असती तर त्याने आणखी दोन थेंब सोडले असते.

तिला खरी बोच होती ती वेगळीच. नवऱ्याचे कान उत्तम होते. तिने स्वतः तपासले होते. आपण ओठ झाकून एकेक शब्द म्हणायचा आणि समोरच्याने तो जसाच्या तसा म्हणून दाखवायचा, अशी एक चाचणी असते. ‘माठ’ म्हटलं तर ‘माठ’, ‘पाट’ म्हटलं तर ‘पाट’. स्वयंभूला त्यात पैकीच्या पैकी मिळाले होते आणि तेव्हापासून प्रत्येक भांडणात तो ते निकालपत्र तोंडावर फेकायचा. “माझ्या कानांबद्दल बोलू नकोस. तूच तपासलेत.” खोट होती ती अशी की शब्द ऐकू येत, वाक्य ऐकू येत नसे. शेंगा सोलून दाणे खावेत आणि टरफलं टाकावीत तसं तो वाक्यातला आपल्या आवडीचा शब्द उचलायचा आणि बाकीचं टाकून द्यायचा. या आजारावर तिच्या पर्समध्ये यंत्र नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

तर ब्रेक. कुरकुर वाढली. मग नुसती कुरकुर राहिली नाही. उतारावर ब्रेक दाबला की हातातलं स्टेअरिंग थरथरायला लागलं आणि पायाखाली पेडल धडधडायला लागलं. कानवालीने संध्याकाळी विषय काढला.

“अहो, गाडीच्या पुढच्या डिस्क दाखवायला हव्यात. ब्रेक लावला की गाडी थरथरते.”

“कुरकुरतेय ना?” स्वयंभू म्हणाला.

“थरथरते, म्हणतेय मी.”

“तेच ते. दोन थेंब तेलाचं काम आहे.” तो उठून दारामागे गेलासुद्धा.

“ब्रेकला तेल लावतात का कुणी?” कानवालीचा आवाज चढला. “चाकाबरोबर ती लोखंडी थाळी फिरते, तिला दोन्ही बाजूंनी पॅड चिमटीत धरतात, म्हणून गाडी थांबते. तिथे तेल घातलं तर काय धरणार ते? कपाळ?”

“अगं, पण आवाज कशाने येतो? घर्षणाने. घर्षण कमी केलं की आवाज कमी. शाळेत शिकवतात हे.”

“कुप्पी ठेवा खाली.”

“तू म्हणशील तसं,” स्वयंभू म्हणाला, आणि कुप्पी खिळ्याला न टांगता खिशात ठेवली. कानवालीने ती खिशातून काढली आणि रात्री उशीखाली घेऊन झोपली. लोक उशीखाली दागिने ठेवतात. हिच्या नशिबी तेलाची कुप्पी आली होती.

सकाळी तिला एक म्हण आठवली आणि तिने त्या म्हणीवर सगळा भार टाकला. कान सोनारानेच टोचावे. आपण सांगून हा माणूस ऐकणार नाही, पण मिस्त्रीच्या तोंडून ऐकलं तर कदाचित डोक्यात शिरेल. म्हणून तिने गाडी, नवरा आणि मागे सासूबाई, अशी सगळी वरात गॅरेजला नेली. सासूबाई का? तर त्यांनीच हट्ट धरला. “याला कुणीतरी काहीतरी सांगतंय आणि हा उभा राहून ऐकतोय, हे मला मरायच्या आधी एकदा बघू दे,” त्या म्हणाल्या.

गॅरेजचा मिस्त्री स्वतःला ‘सर्जन’ म्हणवून घ्यायचा. काळी चिंधी खांद्यावर टाकून तो गाडीभोवती असा फिरायचा की गाडीने मरायचं ठरवलं असेल तरी संकोचाने थांबावं. आयुष्यभर हातोड्यांच्या आवाजात राहून त्याचे कान गेले होते आणि त्यामुळे तो सगळ्यांशी ओरडून बोलायचा. कानवालीने एकदा तपासून देते म्हटलं तर तो भडकला होता. “मला काय धाड भरलीय? लोकच हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतात!”

सर्जनने गाडी जॅकवर चढवली, चाक काढलं आणि डिस्कवरून अंगठ्याचं नख फिरवलं. डिस्कवर गोल गोल चरे पडले होते आणि कडेला एक धारदार कंगोरा उभा राहिला होता.

“अरेरेरे!” तो ओरडला. “कुठल्या गाढवाने लेथवर घासल्या ह्या? पार पापड केलाय!”

“तुम्हीच,” कानवाली म्हणाली. “गेल्या वर्षी. म्हणालात, आता बघायला नको.”

“काय?”

“तुम्हीच घासल्या!”

“मग चांगल्याच घासल्या असतील,” सर्जन म्हणाला आणि त्याने चिंधीने हात पुसले.

स्वयंभू पुढे सरसावला. “मला वाटतं, हा वंगणाचा प्रश्न आहे.”

“काय?”

“वंगण! कुरकुर!”

“कुरकुर येणारच! डिस्क पातळ झाल्या, वाकल्या, तापल्या की थरथरतात!” सर्जनने डिस्कवर पान्याने एक टोला घातला. “ह्या आता—” आणि नेमकं तेव्हाच कोपऱ्यातला हवेचा कॉम्प्रेसर धडधडत सुरू झाला. सर्जनला त्याचं काहीच नव्हतं. त्याने आवाज दुप्पट केला. “ह्या डिस्क आता गेल्या तेल लावत! परत घासायच्या नादाला लागू नका! दोन्ही बाजूंच्या नव्या टाका, पॅड नवे टाका! आणि टाकायच्या आधी डिस्कवर गंज चढू नये म्हणून कंपनी जे तेल लावते, ते स्वच्छ पुसून काढा! कळलं?”

आपल्या भाषेत एखादी गोष्ट कामातून गेली, हाताबाहेर गेली की ती तेल लावत जाते. कुठलं तेल, कुणाला लावत, हे कुणी विचारत नाही. कानवालीने ते पूर्ण ऐकलं, कारण ऐकणं हा तिचा धंदा होता. सर्जनच्या ओठांकडे बघत तिने शब्दन्शब्द टिपला. मग तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो मान डोलवत होता. हळूहळू, गंभीरपणे, पटल्यासारखी. तिचा ऊर भरून आला. शेजारी स्टुलावर बसलेल्या सासूबाईंनी तर चक्क टाळी वाजवली.

इथे कानवाली चुकली. दिवसभर लोकांना “ऐकू आलं?” असं विचारणारी बाई, पण घरच्या माणसाने मान डोलावली म्हणून त्याला ऐकू आलं असं धरून बसली. क्लिनिकमध्ये एखाद्या शिकाऊ मुलीने हे केलं असतं तर तिने तिला घरी पाठवलं असतं.

“गाडी आठवडाभर ठेवून जा,” सर्जन म्हणाला. “हातात दोन ऑपरेशनं आहेत.”

“आठवडाभर? चार नटांचं तर काम आहे,” स्वयंभू म्हणाला. “मी घरीच करतो. तुम्ही सांगितलंत ते सगळं माझ्या लक्षात आहे.”

नव्या डिस्क टाकायला तो तयार झाला होता, हाच कानवालीच्या दृष्टीने मोठा विजय होता. एकाच दिवशी दोन विजय मागू नयेत असं तिला वाटलं. शिवाय सर्जनच्या हाताने गेल्या वर्षी काय झालं होतं तेही समोर दिसत होतं. घरी येताना ती जीव मुठीत धरून, पहिल्या गिअरमध्ये, ब्रेकला शक्यतो पाय न लावता चढ चढून आली, आणि नवरा शेजारी बसून हसत होता. हा कशाला हसतोय, असं तिला वाटून गेलं. पण माणूस कधीतरी सुखी असतो, असाही एक विचार तिने केला.

सुट्टीच्या दिवशी ती बसने एका आजोबांकडे कान तपासायला गेली आणि स्वयंभूने अंगणात आपलं कार्य मांडलं. डोक्यावर कारखान्याची पिवळी टोपी, अंगात चमकत्या पट्ट्यांचं जाकीट, डोळ्यांवर चष्मा, हातात मोजे. फाटकाच्या दोन्ही बाजूंना त्याने नारिंगी शंकू उभे केले होते. गल्लीतली माणसं थबकून बघत होती, कारण इतका बंदोबस्त म्हणजे इथे नक्की काहीतरी फुटणार, असं वाटत होतं. सासूबाई खिडकीत बसल्या होत्या. मुलगा त्यांना खालून काही समजावून सांगायला लागल्याबरोबर त्यांनी दोन्ही कानांतली यंत्रं काढून डबीत ठेवली. त्यांचं हे नेहमीचंच होतं. बहिरेपणाचा एवढा एकच फायदा आहे आणि तो कुणी मला सोडायला सांगू नये, असं त्या म्हणत.

त्याचं काम मात्र वाईट नव्हतं, हे कबूल करायला हवं. त्याने गाडी सपाट जागी घेतली, मागची चाकं घरंगळू नयेत म्हणून त्यांना विटांची उटी लावली, नट सोडवले, चाकं काढली, पॅड धरणारा कॅलिपर सोडवून तारेने वर टांगला, जुन्या डिस्क ठोकून मोकळ्या केल्या. हात चालत होता, गडबड होती ती कानांपासून हातांपर्यंतच्या रस्त्यावर. मग त्याने दुकानातून आणलेल्या नव्या डिस्कचं खोकं उघडलं. आत डिस्क लखलखत होत्या आणि त्यांच्यावर तेलाचा पातळ ओशट थर होता.

“बघ!” तो खिडकीकडे वळून ओरडला. “आई, बघ! कंपनीनेसुद्धा तेल लावूनच पाठवलंय!”

सासूबाईंनी वरून हसून मान डोलावली. या घरात मान डोलवायला कुणाला काही ऐकू यावं लागत नसे.

खोक्यात एक सूचनेचा कागद होता. त्याने त्याला हात पुसले. मग आत जाऊन कानवालीच्या उशीखालून कुप्पी काढून आणली आणि कंपनीने जिथे कंजूषपणा केला होता तिथे आपल्या हाताने भर घातली. डिस्कच्या एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला, बोटाने सारखं पसरवून. तेलकट फडक्याचा एक फटका नव्या पॅडलाही दिला. चाकं चढवली, नट आवळले, शंकू गोळा केले आणि चहा घेतला.

कानवाली संध्याकाळी आली तेव्हा गाडी अंगणात चकाचक उभी होती.

“झालं?” तिने विचारलं.

“झालं. मिस्त्री म्हणाला तसंच. शब्दन्शब्द.”

“तेलाचं लक्षात ठेवलंत ना?”

“तेलाचंच तर पहिलं लक्षात ठेवलं!” स्वयंभू म्हणाला.

“बरं झालं,” कानवाली म्हणाली, आणि तिला खरंच बरं वाटलं. त्याने आपलं ऐकलं, मिस्त्रीचं ऐकलं, एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. तिने त्याला आणखी एक कप चहा करून दिला. पुढे कित्येक दिवस तिला सगळ्यात जास्त राग त्या चहाचा येत राहिला.

सकाळी ती कामाला निघाली. सासूबाईंना खालच्या चौकाजवळ त्यांच्या मैत्रिणीकडे पत्ते खेळायला सोडायचं होतं. त्या मागे बसल्या, यंत्रं कानात, कारण पत्त्यांत समोरची काय पुटपुटते ते ऐकावं लागतं. अंगणातच कानवालीने पेडल दाबून पाहिलं. घट्ट लागलं, आत गेलं नाही. सपाट रस्त्यावर गाडी रांगत होती तेव्हा एकदा दाबलं, गाडी थांबली, जरा आळसावल्यासारखी, पण थांबली. आवाज शून्य. फाटकाशी स्वयंभू एक हात कानामागे धरून उभा होता. आवाज येत नाही याची खात्री झाल्यावर त्याने तो हात निरोपाला हलवला आणि रिकामा वेळ आहे तर फाटकाच्या बिजागरीला तेल घालायला घेतलं.

उतार लागला. कानवालीने ब्रेकवर पाय ठेवला. पेडल घट्ट होतं आणि गाडी मात्र आपल्याच नादात पुढे चालली होती. तिने आणखी दाबला. मागचे ब्रेक बिचारे जमेल तेवढं खेचत होते. पुढची चाकं मात्र जणू तुपात फिरत होती. काही वाजलं नाही. जुन्या डिस्क किंचाळत होत्या, थरथरत होत्या, पण निदान धरत तरी होत्या. या नव्या डिस्क नव्याने घरात आलेल्या शहाण्या सुनेसारख्या तोंडातून चकार शब्द न काढता तिला खाली घेऊन निघाल्या होत्या.

“जोरात चालवतेस गं आज,” सासूबाई म्हणाल्या.

“आई, धरून बसा!”

तिने गाडी खालच्या गिअरमध्ये टाकली. इंजिन बोंबललं. वळण समोर आलं होतं आणि वळणापलीकडे, खाली, बस वळत होती. तिला ती स्पष्ट दिसली, तिच्या काचेवर उन्हाचा कवडसासुद्धा दिसला. तिने हँडब्रेक खेचला. गाडीचं मागचं अंग घसरलं. वळणावर एका घराचं बांधकाम चाललं होतं आणि रस्त्यात अर्ध्यापर्यंत वाळूचा ढीग पसरला होता. त्या ढिगाबद्दल कानवालीने नगरपालिकेत दोनदा तक्रार केली होती. आता तिने स्टेअरिंग त्याच ढिगाकडे फिरवलं.

गाडी वाळूत घुसली आणि थांबली. काचेवर वाळू, बॉनेटवर वाळू, इंजिन बंद. खालून बस गेली. तिला रडू आलं नाही. तिला इतका राग आला की रडायला जागाच उरली नाही.

“आई, लागलं का कुठे?”

“नाही,” सासूबाई म्हणाल्या. त्यांच्या डाव्या कानातलं यंत्र निसटून मांडीवर पडलं होतं. त्यांनी ते उचललं, फुंकर मारून वाळू झटकली आणि शांतपणे कानात बसवलं. “काय झालं गं? ब्रेक?”

कानवाली उतरली. पुढच्या चाकाशी वाकून तिने जाळीतून बोट आत घातलं आणि डिस्कच्या काठावरून फिरवलं. बोट काळं, ओशट होऊन बाहेर आलं. तिने ते नाकाशी नेलं. फाटकाचा, खुर्चीचा, कात्रीचा आणि वॉकरचा वास आला. तेवढ्यात उतारावरून चपला फटफटवत स्वयंभू धावत आला. हातात कुप्पी तशीच होती. धावताना चोचीतून थेंब गळत होते.

“काय झालं? काय झालं?” आणि मग, दम घेऊन, बायकोच्या तोंडाकडे आशेने बघत, “आवाज आला का?”

“नाही,” कानवाली म्हणाली.

“बघ! म्हटलं नव्हतं?” त्याचा चेहरा उजळला. “एक थेंबसुद्धा वाया नाही गेला. आणि ही वाळू इथे कोणी टाकलीय? केवढं धोकादायक आहे हे!”

कानवालीने आपलं काळं बोट त्याच्यासमोर धरलं. “हे तेल पुसायला सांगितलं होतं.”

“पुसायला? छे! तो म्हणाला, तेल लावत. मी स्वतः ऐकलं. डिस्क, तेल लावत. माझ्या कानांबद्दल बोलू नकोस. तूच तपा—”

तो थांबला, कारण सासूबाई गाडीच्या खिडकीतून हसायला लागल्या होत्या. हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मग ते हसणं कुठे संपलं आणि रडणं कुठे सुरू झालं ते कळलं नाही. “अरे मेल्या,” त्या म्हणाल्या, “तेलही गेलं, तूपही गेलं, आणि आज आई, बायको दोघी गेल्या असत्या! कुणाला लावणार होतास मग तेल?”

“हे बघ, चिडू नकोस,” स्वयंभू कानवालीकडे वळला आणि त्याने नेहमीचे दोन थेंब काढले. “राणी, तू म्हणशील तसं. सांग, काय करू?”

एवढ्या वर्षांचं सगळं कानवालीच्या ओठांवर आलं होतं, पण आवाज चढवायचा नाही हे तिने ठरवलं. चढलेल्या आवाजावर त्याच्याकडे उपाय होता. तिने क्लिनिकमधला आवाज काढला, सपाट, स्वच्छ, ना लहान ना मोठा. हात ओठांसमोर आडवा धरला.

“मी एकेक शब्द म्हणेन,” ती म्हणाली. “तुम्ही तो जसाच्या तसा म्हणायचा. नेहमीसारखं.”

“इथे? आत्ता?”

“कान तपासतेय. म्हणा. ‘तेल’.”

“तेल,” स्वयंभू म्हणाला. चाचणी म्हटल्यावर तो नकळत ताठ उभा राहिला होता.

“‘लावत’.”

“लावत.”

“‘गेलात’.”

स्वयंभूने तोंड उघडलं. शब्द आला होता, अगदी स्पष्ट आला होता, त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. आणि त्यामागून, कधी नव्हे ते, अख्खं वाक्य आलं. त्याने बायकोकडे पाहिलं, हातातल्या कुप्पीकडे पाहिलं, पुन्हा बायकोकडे पाहिलं. तोंड मिटलं. चाचणीत पहिल्यांदाच त्याचा एक शब्द चुकला.

“गेलात,” मागच्या सीटवरून सासूबाई खणखणीत आवाजात म्हणाल्या. “मला आलं हो ऐकू.”

कानवालीने त्यांना हात धरून खाली उतरवलं, डिकीतून वॉकर काढला, गाडीला कुलूप लावलं आणि किल्ली आपल्या पर्समध्ये टाकली. मग दोघी उताराने हळूहळू खाली निघाल्या. गॅरेज चौकाच्या पलीकडेच होतं, आणि सर्जनशी ओरडून बोलावं लागत असलं तरी तो निदान “काय?” असं विचारायचा.